मशीनची आंघोळ

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंग बनवणारा एक कारखाना होता, आणि त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरला रोज सकाळी आंघोळ घालत. पाण्याने नव्हे. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम चालू करायचा, पडद्यावर फायलींची नावं भराभरा सरकायची, आणि शेवटी ‘नो व्हायरस फाउंड’ अशी ओळ उमटली की ऑफिसर विष्णुपंत उदबत्ती ओवाळून म्हणायचे, “झालं. मशीन सोवळ्यात आहे. आता शिवा.” आंघोळ हा शब्द त्यांचाच. चपला बाहेर काढल्याशिवाय खोलीत यायचं नाही हा नियमही त्यांचाच, आणि सर्दी झालेल्याने चार दिवस मशीनकडे फिरकायचं नाही, हाही. व्हायरस म्हणजे शेवटी रोगच ना! हसू नका. १९९८ साली त्या ऑफिसात याहून जास्त कुणालाच कळत नव्हतं.

त्या मशीनवर शालन बसायची. बदलापूरला कुळगावात राहणारी, सव्वीस वर्षांची, बोटं अशी चालायची की पंतांचं वाक्य संपायच्या आत कागदावर यायचं. वडील सुदाम आगपेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आई भागीरथी घरी. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव उल्हास नदीत सोडले आणि पत्रिकाही. शालन ऑफिसात सहा वर्षं होती आणि सहाही वर्षं टेम्पररी. दर सात महिन्यांनी तिला आठवडाभर घरी बसवायचे आणि पुन्हा नव्याने घ्यायचे, म्हणजे कायम करायला नको. पण या मार्चमध्ये कायमचं पत्र मिळणार होतं. पत्र तिनेच टाइप केलं होतं, नुसती पंतांची सही बाकी होती. रोज सकाळी ती फाइल उघडून स्वतःचं नाव एकदा वाचायची आणि फाइल बंद करायची.

त्याच सुमाराला पंतांच्या मुलीसाठी, मीनलसाठी स्थळं बघणं चालू झालं. भटजीकडे खेपा घालून पंत कंटाळले होते. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका दुकानात पत्रिका जुळवणारी फ्लॉपी मिळते असं त्यांना कळलं आणि ते ती घेऊन आले. त्यांच्या प्रामाणिकपणाचं एक सांगायला हवं, त्यांनी फ्लॉपीलाही आंघोळ घातली. “देवाची असली म्हणून काय झालं, नियम सगळ्यांना.” नो व्हायरस फाउंड. मग शालनने त्यांच्याच सांगण्यावरून तो प्रोग्रॅम मशीनमध्ये भरला, आणि रोज डब्याच्या सुट्टीत मुलांच्या जन्मवेळा टाकून छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते त्यांना छापून देऊ लागली.

“तुमच्यात पत्रिका बघत नाहीत ना?” पंतांनी एकदा विचारलं.

“नाही, साहेब.”

“बरंय. म्हणजे तुझ्याकडून लबाडी व्हायची नाही.” आपण फार मोठा विनोद केला असं वाटून ते बराच वेळ हसले.

आता त्या आंघोळीचं खरं सांगतो. असा प्रोग्रॅम म्हणजे हातात यादी घेऊन दारात उभा असलेला रखवालदार. यादीत नाव असलेला चोर तो पकडतो, नसलेल्याला सलाम ठोकतो. यादी ताजी ठेवायला दर महिन्याला नवी फ्लॉपी आणावी लागे. पंतांची दोन वर्षांपूर्वीची होती. “देव काय दर महिन्याला बदलतात?” असं म्हणून त्यांनी विक्रेत्याला परत पाठवलं होतं. आणि पत्रिकेच्या फ्लॉपीतून जे आत आलं ते मशीन मोडणारं नव्हतंच. ते गुपचूप बसून राहिलं आणि ईमेलसाठी मोडेम फोनला जोडला की बाहेरून जाहिराती ओढून आणायचा उद्योग त्याने सुरू केला.

फेब्रुवारीत मुंबई ऑफिसचे दोन मोठे साहेब आले. भर दुपारी, खोलीत सात माणसं, शालन त्यांना विक्रीचे तक्ते दाखवत होती. मोडेम कर्र कर्र करून लागला आणि पडद्यावर नागडी बाई आली. शालनने पडद्यावरची ती खिडकी बंद केली तर दोन उघडल्या. त्या बंद केल्या तर पाच. शेवटी तिने पडद्याचं बटणच दाबलं. मागे वळून पाहिलं तेव्हा काळ्या पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते.

चौकशी अर्ध्या तासात झाली. पंतांनी सगळ्यांदेखत मशीनला आंघोळ घातली. नो व्हायरस फाउंड. “मशीन निर्मळ आहे,” पंत म्हणाले. “म्हणजे घाण माणसाने आणली.”

शालनला रडू येत होतं, तरी ती म्हणाली, “साहेब, त्या पत्रिकेच्या फ्लॉपीनंतरच मशीन अडखळायला लागलंय.”

पंतांचा चेहरा लालबुंद झाला. “देवाधर्माच्या वस्तूवर घालतेस? ती फ्लॉपी तपासलेली आहे. आणि भरली कुणी मशीनमध्ये? तूच ना?”

भरली तिनेच होती. जातीचा उल्लेख कुणी केला नाही. गरजच पडली नाही. राजाबाई, ऑफिसात झाडलोट करणाऱ्या, दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. पत्रिकेची फ्लॉपी पंतांच्या ब्रीफकेसमधून निघताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्या खाली मान घालून फरशी पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी शालनला ‘गैरवर्तन’ असं लिहिलेलं पत्र मिळालं. ते पंतांनी स्वतः एका बोटाने टाइप केलं होतं, त्यात तिच्या नावाच्याच दोन चुका होत्या.

बातमी तिच्याआधी कुळगावात पोचली. ऑफिसात बसून घाणेरडे फोटो बघायची म्हणे. भागीरथीने मुलीला काही विचारलं नाही, पण आठवडाभर नळावर ती एकटीच, सगळ्या गेल्यावर जायची. सुदाम म्हणाले, “बघितले असतील तर सांग. मी मारणार नाही.” हे वाक्य शालनला नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागलं.

मशीनवर मात्र नंतरही नागड्या बायका येतच राहिल्या. पंतांनी त्याचंही कारण शोधलं, ती ठेवून गेलेली घाण आहे, हळूहळू जाईल. मीनलचं लग्न बत्तीस गुणांवर ठरलं.

वर्षभराने शालन कॅम्प तीनमध्येच, जेठानंदच्या दुकानात टायपिंग करत होती. दुकानात पंतांनी आणली होती तशाच पत्रिकेच्या फ्लॉप्यांची चळत होती. व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमची ताजी यादी आली, जेठानंदने सगळा माल तपासायला घेतला आणि ओरडला, “अरे शालन, इधर देख! ये पत्रिकावाली मध्ये ट्रोजन निघाला, छुपा व्हायरस! गंदी जाहिराती लाता है साला!”

शालन पडद्यापुढे उभीच राहिली. तिला आनंद झाला, मग इतका राग आला की पाणी प्यावं लागलं. तिने त्या ओळी छापून घेतल्या, फ्लॉपी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंबरनाथ गाठलं. नोकरी नको होती. पत्रातला ‘गैरवर्तन’ हा एक शब्द त्यांनी मागे घ्यावा, तेवढा एक कागद वडिलांना दाखवायचा होता.

तिने चपला बाहेर काढल्या. पंतांनी छापील कागद वाचला आणि परत दिला. “टायपिंगमध्ये तुझा हात कोण धरणार? असे दहा कागद करशील.”

“फ्लॉपी बघा, साहेब. अशीच तुम्ही आणली होती. स्वतः तपासा.”

“तपासतो ना. नियम सगळ्यांना.” पंतांनी फ्लॉपी घातली. फायलींची नावं भराभरा सरकली. यादी तीच जुनी होती. शालनच्या लक्षात आलं तोवर ओळ उमटली होती.

नो व्हायरस फाउंड.

“घे,” पंत फ्लॉपी टेबलावर सरकवत म्हणाले. “निर्मळ आहे. तेव्हाही हेच सांगितलं होतं.”

शालनने फ्लॉपी पर्समध्ये ठेवली. दाराबाहेर येऊन ती चपलेत पाय सरकवत होती तेव्हा आतून पंतांचा आवाज आला, “राजाबाई, ओलं फडकं आणा, टेबल पुसून घ्या. आणि मशीनला परत एकदा आंघोळ घालायला हवी.”