बदकांच्या ओळखीचा स्वेटर

“तुझ्या पोटातली गाठ काय बदकांसाठी थांबणार आहे?” माझा नवरा सिव्हर्ट आईला म्हणाला. म्हणाला म्हणजे कुजबुजला. मे-जूनमध्ये आमच्या घरात भांडणंही कुजबुजतच होतात.

“सव्वीस दिवस उबवावं लागतं. अकरा झालेत,” सासूबाई बटाटे सोलत म्हणाल्या. “पिल्लं समुद्रात उतरली की होते तुझ्या डॉक्टरपुढे आडवी.”

“डॉक्टर शुक्रवारची बोट म्हणालाय, आई.”

“त्याला म्हणावं, ये इथे आणि बस अंड्यांवर.”

सिव्हर्टने कॉफीचा मग आपटायला उचलला. पायरीखाली अंड्यांवर बसलेली बदकाची मादी आठवली तसा त्याने तो अलगद खाली ठेवला. एरवी मला हसू आलं असतं. पण ट्रोम्सोच्या इस्पितळाचं पत्र टेबलावर उघडं पडलं होतं.

सासूबाईंचं नाव ओलेआ. त्या याच बेटावर जन्मल्या, तेव्हा इथे नऊ घरं होती आणि प्रत्येक घराची आपली बदकं. थंडी ओसरली की बायका दगड-फळ्यांची खुराडी रचायच्या, आत वाळलेलं समुद्री गवत अंथरायच्या. आयडर जातीच्या या समुद्री बदकांच्या माद्या पाण्यातून चालत थेट घरापाशी यायच्या. मादी आपल्याच छातीची लव उपटून अंडी झाकते. पिल्लं गेली की ती लव आपली, दुलयांसाठी. त्या बदल्यात कुत्रा पाळायचा नाही, दार आपटायचं नाही, गरुडावर लक्ष ठेवायचं. एकेक घर मुख्य भूमीवर गेलं, तशी त्यांची खुराडीही ओस पडली. माणूस नाही तिथे बदक बसत नाही. आता घर आमचं एकच आणि घरटी चौदा.

सासरे अशाच एका मे महिन्यात वारले. सासूबाई एकट्या होडी वल्हवत लांब गेल्या, तिथे रडल्या आणि घरटी पाहायच्या संध्याकाळच्या फेरीला वेळेवर परतल्या. फेरीला जाताना कायम एकच करडा स्वेटर. बदकं त्याच रंगाला, त्याच वासाला ओळखतात. लग्न होऊन आले त्या वर्षी मी तो कौतुकाने साबणाने धुऊन वाळत घातला. तीन माद्या अंडी सोडून उडाल्या. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, “योरुन, उद्यापासून माझ्यामागे पाच पावलांवर चालायचं.” सात वर्षं मी तशी चालतेय.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच निघाले. त्यांनी दोन घरटी पाहिली. तिसरं पायरीखालचं, तिथे गुडघे टेकून वाकावं लागतं. त्या वाकल्या आणि त्यांच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं. जनावरासारखं, मोठं. मादी फडफडत थेट पाण्याकडे गेली. वर गरुड होताच.

त्यांना उठता येईना. मी हात द्यायला पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि अंड्यांकडे बोट केलं. मी गुडघ्यांवर बसले, लव ओढून पाच हिरवट अंडी झाकली. अजून कोमट होती. मग आम्ही दोघी पायरीला पाठ लावून बसलो, हललो नाही. बराच वेळ गेला. मादी परतली, आमच्याकडे पाहत राहिली आणि माझ्या गुडघ्याजवळून आत शिरली.

“तुझ्याजवळून गेली,” सासूबाई म्हणाल्या. बस, तेवढंच.

दुपारी मासळीचं कालवण वाढून झाल्यावर त्यांनी स्वेटर काढला, घडी केली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. सिव्हर्टने चमचा खाली ठेवला, आवाज न करता.

“घरात आता सगळ्यांत जास्त आवाज माझाच आहे,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी मी बोटीने जाणार. बोट बेटाच्या पलीकडच्या धक्क्याला लागेल, या बाजूला नाही. फेरी योरुन करेल. स्वेटर कोणी धुवायचा नाही.”