रोंडाची घासणी

ओहायोतल्या आमच्या गावात ड्युई ह्राबाक आठवडाभर शाळेची बस चालवायचा आणि रविवारी आपली लाल गाडी रेसच्या ट्रॅकवर पिटाळायचा. त्या वर्षी गाडी वळणावर निळा धूर सोडू लागली. पंचांनी बजावलं, "पुन्हा धूर दिसला, की तुझा हंगाम संपला."

इंजिनाच्या वाफेबरोबर उडालेलं तेल परत आत जाऊन जळत होतं. ते वाटेत अडवायला एक डबा बसवतात. ड्युईने दुकानातला सगळ्यात चकचकीत डबा निवडला, दोन्ही नळ्या जोडल्या, दणकून एक फेरी मारली आणि पडदा उघडावा तसं बॉनेट उघडून डब्याच्या तळाची तोटी सोडली.

"रोंडा, बघ! डब्यात थेंब नाही. इंजिन एकदम स्वच्छ!"

"मग आत्ता धूर काय माझ्या केकमधून निघाला?" बायको म्हणाली.

ड्युईने डब्याचं झाकण फिरवलं. आत तेल अडवणारी जाळीच नव्हती! तेल एका नळीने येऊन दुसरीने खुशाल निघून जात होतं.

"रूपावर भाळलास, म्हाताऱ्या. मलाही असंच निवडलंस ना?"

"तू आतून रिकामी नव्हतीस गं."

रोंडा लाजली, आणि स्वयंपाकघरातून भांड्यांची कोरी स्टीलची घासणी घेऊन आली. ड्युईने ती डब्यात नीट दाबून बसवली.

रविवारी गाडी दिवसभर पळाली, धुराचा मागमूस नाही. संध्याकाळी त्याने डब्यातलं तपकिरी तेल जॅमच्या बरणीत ओतून जेवणाच्या टेबलावर मांडलं.

"हे आपलं बक्षीस!"

"उचल ते आधी. आणि माझी घासणी?"

"ती आता भांडी घासायची नाही. ती रेसमध्ये उतरलीय!"