मिलची पोती पोरांच्या पायात

ग्रुपवाल्यांनो, मी आताच घरी आले आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आज आपल्या सोसायटीच्या मैदानात मास्टरच्या पोरीचा बर्थडे होता. मास्टर म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कापड रंगवायच्या डाईंग मिलमधला साहेब. केक कापला, मग पोत्यात पाय घालून उड्या मारायची शर्यत लावली. माझी नात सगळ्यात पुढे होती. मधेच रडायला लागली, "आजी, पाय जळतात!"

पोतं खाली ओढलं तर गुडघ्यापर्यंत पाय गुलाबी. आत रंगाची भुकटी चिकटलेली. या मास्टरने मिलमधली रंगाची रिकामी पोती उचलून आणली होती!

विचारलं तर हसतो. "वहिनी, झटकून आणलीत. होळी समजा ना."

"मिलमध्ये या रंगाने माणसांच्या हाताची सालं निघतात," मी म्हटलं. "लेकरांची कातडी काय रबराची आहे?"

बाकीचे बाप केक खात राहिले. सगळे त्याच्याच हाताखाली. माझा नवरा कानात म्हणतो, "चूप बस ना, उद्या कामावर जायचंय."

मी नाही बसले. सगळ्या पोरांना नळाखाली उभं करून पाय धुतले आणि लंगडी खेळायला लावलं. लंगडीला सामान लागत नाही. मास्टरची पोरगी पण पाय धुवायला माझ्याकडेच आली.

नवरा घरी आल्यापासून रुसलाय. रुसू दे. पण बापांनो, तुम्ही पण या ग्रुपवर आहात. रोज तीच पोती उचलता. पोरांच्या पायात चढवताना ओळखली नाहीत का?