शटरच्या आतले ओरखडे

आखातात आल्यावर वादी अदाईतलं हे घर आम्ही गॅरेज पाहून घेतलं, असं माझा नवरा सगळ्यांना कौतुकाने सांगतो. मला तेव्हाच शंका आली होती. स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही गॅरेजमध्ये उघडणारी, आणि हा गृहस्थ शटर वर-खाली करून खूश. इथलं ऊन गाडीचा रंग खातं, हे मला मान्य आहे. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची टपं दोन-चार उन्हाळ्यांत पांढरी पडतात. आमची गर्द निळी गाडी मात्र शटरच्या आत, वरून कापडी कव्हर घालून बसलेली. नवरा कंपनीच्या बसने कामाला जातो, त्यामुळे ती बाहेर निघायची फक्त शुक्रवारी, इथली शुक्रवार-शनिवारची सुट्टी लागली की.

मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, माबेल्यातल्या एका नर्सरीत नोकरी मिळत होती. लायसन्स होतं. उभ्या ठेवलेल्या ड्रमांना न लागता त्यांच्यामधून गाडी मागे घेण्याच्या इथल्या परीक्षेत मी इतक्यांदा नापास झाले होते की पास झाले तेव्हा घरात शिरा केला. पण नोकरीचं नाव काढलं की नवरा म्हणायचा, "अगं, तिथे सावली नाही. दिवसभर उन्हात उभी राहील." कोण उभी राहील, ते विचारायची सोय नव्हती.

त्यातच एका शुक्रवारी सकाळी गाडी पुसताना त्याला बॉनेटवर ओरखडे दिसले. केसासारखे बारीक, पण भरपूर. त्याने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून मला दाखवले आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "तू नेली होतीस का कुठे?"

मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली, पण ती मान मी ओळखते. त्या दिवसापासून किल्ली फळीवरून त्याच्या खिशात गेली.

मग मीही इरेला पेटले. पहिला संशय घरमालकाच्या ड्रायव्हरवर. तो गॅरेजच्या कोपऱ्यात बकऱ्यांच्या खाद्याची पोती ठेवायचा. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मैं तो गाडी के पास भी नहीं जाता." इतक्या चटकन कोण उत्तर देतं? मी शटरच्या आत आणि गाडीभोवती रांगोळीचा पातळ थर भुरभुरून ठेवला. आठवडाभर पाहिलं. पोत्यांकडे जाणारी ड्रायव्हरची पावलं भिंतीलगतच होती. एक मांजर येऊन गेली होती, पण तीही गाडीला वळसा घालून. बिचाऱ्या ड्रायव्हरला मी उगाच मनातल्या मनात तुरुंगात टाकलं होतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही बरका गावातल्या मासळीबाजारातून परतलो. वाटेत वारा सुटला होता. मी सुरमई धूत खिडकीशी उभी होते. नवऱ्याने शटर ओढलं, कव्हर घेतलं आणि धुळीने माखलेल्या बॉनेटवरून सर्रकन ओढून घेतलं. मग दोन्ही तळव्यांनी ते प्रेमाने चोळून सरळ केलं, पुन्हा ओढलं, पुन्हा चोळलं. आजी राखेने पितळेची भांडी घासायची, तसा आवाज येत होता.

कुंपणच शेत खात होतं. मला हसू आलं आणि लगेच भयंकर राग आला.

तशाच माशाच्या हातांनी मी गॅरेजमध्ये गेले. कव्हर उलटं करून झटकलं, तर धूळ आमच्या दोघांच्या नाकात गेली. "रोज बाहेर उभी राहिली असती तर एवढी घासली गेली नसती," मी म्हणाले. त्याने टॉर्च लावून नवे ओरखडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "खरंय तुझं. उद्यापासून कव्हर बंद."

"मग रविवारी मी गाडी नेते. नर्सरीवाल्यांना होकार कळवते."

"अगं, पण त्या रस्त्याला ट्रक किती असतात."

इतके दिवस ऊन होतं, आता ट्रक आले. रंगाची काळजी असती तर ती कव्हराबरोबर संपायला हवी होती. त्याचा माझ्यावरच विश्वास नव्हता, आणि हे मला इतके महिने कळलं नाही याचं वाईट वाटलं. मी हात पुढे केला. त्याने खिशातली किल्ली चाचपली, पण बाहेर काढली नाही.

"आणि कुठे घासली तर?"

"तर तो ओरखडा माझा असेल," मी म्हणाले आणि हात तसाच पुढे ठेवला.