बरणीवरची तारीख

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या. उंब्रजजवळच्या आमच्या शाळेत मी चौथीच्या वर्गाला खाऊच्या पाकिटावरचं वाचायला शिकवलं, आणि त्यात मीच नापास झाले.

मुलांच्या डब्यात भाजीभाकरीच्या जागी चटकदार पाकिटं यायला लागली होती. मग मी आठवडाभर एकच धडा घोटून घेतला. पाकीट उलटं करायचं. यादीत ज्याचं नाव पहिलं, ते आत सगळ्यात जास्त. तारीख उलटली असेल तर हातही लावायचा नाही. पोरं तयार झाली हो, पण डबा भरतात आया नि आज्या. त्यांना पटलं नाही तर सगळं पाण्यात. म्हणून शनिवारी त्यांना शाळेत बोलावलं आणि मुलांना सांगितलं, घरातलं खायचं काहीतरी घेऊन या.

मेहजबीननं बरणी आणली. दुधात घालायच्या पावडरीची, चहूबाजूंनी रंगीत कागद असलेली. सोबत तिची दादी, शाळेत पहिल्यांदाच आलेली.

"वाच गं," मी म्हटलं.

"बाई, पर ह्यात..."

"आधी वाच."

तिनं वाचलं. साखर दुसऱ्या नंबरला. आणि तारीख? उलटून तीन वर्षं झालेली. मला तर चेवच चढला.

"दादी, कुठल्या दुकानदारानं हे तुमच्या गळ्यात मारलं?"

"दुकानदार कुठला, बाई? परवाच म्या भरलंय."

शहाण्या माणसानं इथं थांबायचं की नाही? मला वाटलं, गावातला माणूस म्हणून दादी त्याला वाचवतायत.

"घाबरू नका. नाव सांगा त्याचं."

"आवं, कुणाचं नाव सांगू? माझंच सांगतीया की."

मी सगळ्या बायकांदेखत बरणी कचऱ्याच्या डब्यात टाकली. दादींचा चेहरा उतरला. पदर सावरून त्या उठल्या आणि दाराकडं निघाल्या.

मेहजबीननं बरणी काढली, पुसली आणि झाकण फिरवलं. आत शेंगदाण्याचे लाडू.

"तुमच्यासाठी केल्यात दादीनं. मी सांगत हुते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरी अगदी तसल्याच बरणीत हळद आहे. कुणाच्या घरात रिकामी बरणी टाकून देतात, सांगा बघू? मी दारात जाऊन दादींचे हात धरले, माफी मागितली आणि सगळ्यांसमोर दोन लाडू खाल्ले.

"ऱ्हाऊ द्या बाई," दादी म्हणाल्या, "पोरीला वाचाया आलं, लय झालं." आणि त्या परत येऊन बसल्या. डब्यात पाकिटं द्यायची बंद करायला कोण तयार, असं मी विचारलं, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनीच हात वर केला.

सोमवारी मी वर्गाची उजळणी घेतली.

"खायची वस्तू हातात आली की सगळ्यात आधी काय करायचं?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "झाकण उघडायचं, बाई."