काकांची उदबत्ती

सोलापूर शहरात वारा म्हणून जे काही वाहते ते आमच्या समोरच्या घरातल्या काकांच्या परवानगीनेच वाहते, याविषयी निदान काकांना तरी कधी शंका वाटली नाही. माझे शिक्षण पदार्थविज्ञानाचे. त्यामुळे हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाते, तिला कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही, हे मी एकदा त्यांना सांगून पाहिले. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग पानाचे देठ खुडत म्हणाले, "जाती की. पण तिला वाट कोन दाखवतं?" या प्रश्नाचे उत्तर आमच्या पुस्तकात नव्हते, आणि आपल्या विजयाची खात्री पटल्यामुळे काकांनी ते पान मला देऊ केले.

वाट दाखवणे हाच त्यांचा धंदा होता. कारखाने, बँका, थिएटरे, मोठाली दुकाने अशा इमारतींतले जुने घरघरते पंखे उतरवायचे, छपराखाली पत्र्याचे डक्ट घालायचे, वर साठलेल्या गरम हवेला बाहेर काढायचे आणि पाण्याच्या फवाऱ्यातून निवलेली हवा खालून आत सोडायची. काका मूळचे कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचे. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि इमारतींशी बोलताना पुन्हा कानडी. नव्या कामावर गेले की आधी ते भिंतीवर हात फिरवत, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा, आणि पुटपुटत, "गाळी बरली." म्हणजे वारा येऊ दे. ज्या इमारतीत वारा नाही तिला ते वास्तू मानायलाच तयार नसत. तिला ते 'गुदमरलेलं जनावर' म्हणत, आणि अशा जनावरात माणसे पगार घेऊन बसतात याचे त्यांना खरोखर दुःख होई.

हे दुःख ते लग्नकार्यातही आवरत नसत. आमच्या ओळखीतल्या एका लग्नात पाने मांडून झाली होती, वरण वाढायला सुरुवात झाली होती, आणि काकांच्या लक्षात आले की वाऱ्याची वाट पंगतीच्या पाठीमागून जाते. त्यांनी अख्खी पंगत उठवून भिंतीकडे तोंड करून बसवली. वराच्या मामांना आपल्याला यजमानांकडे पाठ करून बसवले हा अपमान वाटला आणि ते जिलबीपर्यंत रुसून होते. काकांना त्या रुसव्याचे काहीच वाटले नाही. ताक पिताना त्यांनी मामांना एवढेच विचारले, "तोंडाला घाम हाय का? न्हाय नव्हं?" मामांना नाइलाजाने 'नाही' म्हणावे लागले.

पण काका शहराला माहीत होते ते त्यांच्या उदबत्तीमुळे. हवेचा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, धूर दिसतो, म्हणून कोणत्याही इमारतीत शिरल्यावर ते उदबत्ती पेटवत आणि हात पुढे धरून धूर नेईल तिकडे हळूहळू चालू लागत. पद्धत अतिशय शास्त्रीय होती. अडचण एवढीच की धोतर, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि हातात उदबत्ती अशा थाटात निघालेला माणूस प्रयोग करतो आहे हे कुणाच्याही ध्यानात येत नसे. एका बँकेत ते असे शिरले तेव्हा कारकून उभे राहिले, मॅनेजरसाहेबांनी बूट काढले आणि कॅशियरने खणातून देवाची तसबीर काढून टेबलावर ठेवली. काका सगळ्यांमधून धुरामागे चालत तिजोरीपर्यंत गेले, तिथे बराच वेळ थांबले, आणि हात जोडून उभ्या असलेल्या मॅनेजरना म्हणाले, "साहेब, हितं वारं मेलंय." मी तेव्हा पैसे भरायला रांगेत उभी होते; साहेबांचा चेहरा मला आजही आठवतो. शहरभर उदबत्त्या जाळणाऱ्या काकांच्या घरातल्या खिडक्या मात्र रस्त्याच्या धुळीमुळे काकूंनी कायमच्या लावून टाकलेल्या होत्या. त्यावर काही बोलायची काकांची प्राज्ञा नव्हती, कारण काकूंचे उत्तर तयार असे : "गावाला वारं घालत फिरा. हितं देवापुडं लावायला एक काडी ऱ्हाईना घरात."

बी. एस्सी. झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला अर्ज करून मी उत्तराची वाट पाहत घरी बसले होते, तेव्हा काकांनी मला विचारल्याशिवायच कामाला लावले. "आकडे तू बघ, वारं मी बघतो," एवढीच नेमणूक. किती माणसे, किती उष्णता, किती हवा, ती बाहेर पडायला छपराजवळ केवढी तोंडे ठेवायची, हे मी लॉग टेबल घेऊन काढत असे. काका माझा आकडा ऐकून तुच्छतेने मान हलवत, उदबत्ती घेऊन एक फेरी मारत, आणि परत येऊन तोच आकडा स्वतःचा म्हणून मला सांगत. सुरुवातीला मला राग येई. पुढे मी त्याला पडताळा म्हणू लागले. याच सुमारास त्यांच्या हातात एका काडीऐवजी तीन जाडजूड काड्या दिसू लागल्या. वयाबरोबर उत्साह वाढत चालला आहे, असा मी निष्कर्ष काढला.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक जागा होती, हे मला उशिरा कळले. तरुणपणी काका इथल्याच एका गिरणीच्या खळ खात्यात होते. विणण्याआधी सुताला खळ लावून ते वाफेने तापलेल्या मोठ्या नळकांड्यांवरून वाळवत नेतात, ते हे खाते. आधीच सोलापूरचा उन्हाळा, त्यात ती वाफ, आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. काकांच्या शेजारी उभा राहणारा कुंभारी गावचा त्यांचा जोडीदार एका दुपारी तिथेच कोसळला. तो वाचला, पण पुन्हा कामावर उभा राहू शकला नाही. काकांनी गिरणी सोडली आणि पत्र्याचे काम शिकायला गेले. हे त्यांनी मला एकदाच, तेही डक्टचा सांधा ठोकता ठोकता सांगितले. आता त्याच गिरणीने जुनी व्यवस्था बदलायचे ठरवले होते. काम मुंबईच्या एका कंपनीला जवळजवळ दिलेच होते. पण काका काम मागायला गेले तेव्हा गिरणीचे इंजिनिअर म्हणाले, बाजारातल्या थिएटरला तुम्ही नवी थंड हवा बसवताय ना, तिचा पहिला खेळ मी बघतो आणि मग ठरवतो.

पहिला खेळ भर एप्रिलमधल्या दुपारी होता आणि चित्रपट देवीचा होता. बायका नारळ, फुले, कापूर घेऊन आल्या होत्या; पडद्यापुढे चपलांचा ढीग पडला होता. इंजिनिअरसाहेब बाल्कनीत, काका आणि मी खाली मधल्या वाटेला लागून. दिवे गेले, पंखे लागले, गार झुळूक आली आणि लोकांनी समाधानाने सुस्कारे सोडले. पण थोड्याच वेळात ती झुळूक जड झाली. अंगाला कपडे चिकटू लागले. पदर हलू लागले. वर पाहिले तर साहेबांनी कॉलरचे बटण काढले होते. काका उठले, वाटेच्या मधोमध उभे राहिले आणि तिन्ही काड्या पेटवल्या.

नेमकी त्याच क्षणी पडद्यावर देवी प्रकट झाली.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मागे वळून पाहिले, आरती सुरू झाली असे समजून त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागे सगळे थिएटर उभे राहिले. पिशव्यांतून उदबत्त्यांचे पुडे निघाले, हाताहातात कापूर पेटला. थिएटरचा मॅनेजर "अहो आग लागंल की" म्हणत धावत होता, त्याच्याही हातात कुणीतरी एक काडी दिली. धूर वर चढला आणि आमच्या डोक्यांवर एका सपाट थरासारखा थांबला. काकांनी मान वर केली.

"पोरी, धूर कुटं चाललाय?"

"कुठेच नाही, काका. वरची तोंडं बंद आहेत."

ती तोंडे मॅनेजरनेच बंद केली होती. आपल्याकडे गारवा म्हणजे बर्फ, आणि बर्फ म्हणजे भुसा घालून गोणपाटात गुंडाळायची वस्तू. एवढ्या खटपटीने केलेली थंड हवा वरून निसटून जाईल, म्हणून त्याने सकाळीच प्रत्येक तोंडात गोणपाट कोंबले होते. जुनी हवा बाहेर गेल्याशिवाय नवी आत येत नाही, हे त्याला मी दोनदा समजावले होते. ते त्याला उधळेपणाचे वाटले असावे. काका धोतर खोचून मशीनरूमच्या बाजूच्या शिडीने वर चढले आणि गोणपाटे उपसू लागले. शेवटचे निघाले तसा तो धुराचा थर हलला, लांबला, पाखरांचा थवा वळावा तसा एकदम वळला आणि तोंडांतून बाहेर पडू लागला. खालून ताजा गार वारा थेट चेहऱ्यांवर आला. लोकांनी देवीच्या नावाचा जयजयकार केला आणि पडद्यावर नाणी उधळली. बाल्कनीत एकच माणूस पडद्याकडे न बघता छताकडे बघत होता.

मध्यंतरात साहेब खाली आले. हेच आमच्या खळ खात्यात जमेल का, त्यांनी विचारले. काकांच्या मिशांना काजळी लागली होती. ते म्हणाले, "देवी तेवढी तुमची तुमी आना. वारं मी आनतो."

ते काम पावसाळ्याच्या तोंडावर पुरे झाले. तोवर मला पुण्याला प्रवेश मिळाला होता. निघायच्या आदल्या दिवशी काका मला गिरणीत घेऊन गेले. नळकांड्यांवर पत्र्याची भलीमोठी छत्री उतरली होती, वर पंखे फिरत होते, आणि खळीचा आंबूस वास असूनही श्वास मोकळा येत होता. काका एका जागेपाशी जाऊन उभे राहिले. कोणती जागा ते मी विचारले नाही. ते स्वतः तिच्या जरा बाजूला उभे होते, शेजारी आणखी एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. मग त्यांनी खिशातून उदबत्तीचा पुडा काढला आणि सबंध पुडाच पेटवला. त्यांच्या नाकासमोर धुराचा चांगला मनगटाएवढा लोट उठला.

"पोरी," ते म्हणाले, "धूर कुटं चाललाय?"

मी त्यांच्याकडे पाहिले. काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांच्या मागे लागल्या होत्या, ते मी ऐकून होते. आधी एक काडी, मग तीन, आता सबंध पुडा. एवढी साधी आकडेमोड, आणि ती माझ्याकडून राहिली होती.

"वर चाललाय, काका. सरळ वर, आणि बाहेर."

"मदी कुटं थांबत न्हाय नव्हं?"

"नाही. कुठेच नाही."

खात्यातल्या कामगारांनी लांबूनच हात जोडले होते. काकांनी पुडा तसाच उंच धरून ठेवला, आणि तो विझेपर्यंत मी त्यांना धुराची वाट सांगत राहिले.