कोपरकर सरांनी मला न दिलेला संघ

विलास कोपरकर सरांची आणि माझी पहिली भेट सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या एका मैदानावर झाली. मी नुकतीच इचलकरंजीहून संख्याशास्त्रात संशोधन करायला आले होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच; त्यामुळे मनापासून कष्ट केले की फळ मिळतं, यावर माझा पूर्ण विश्वास होता. आजही आहे. जुरोंग आयलंडवरची नोकरी आटोपून सर थेट मैदानावर आले होते. कंपनीचा पास गळ्यात तसाच होता आणि ते मुलींवर ओरडत होते, "उभ्या काय राहिलात? चला, पुढचा डाव!"

सर तरुणपणी अमेरिकेत शिकत होते. तिथल्या कॉलेजांचा, चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल तेव्हापासून त्यांच्या मनात बसला. त्याचाच सौम्य प्रकार ते विद्यापीठातल्या मुलींना शिकवतात. यात धक्काबुक्की नाही. कमरेची पट्टी ओढली की डाव संपतो. चार डावांत ठरलेलं अंतर कापायचं असतं. इतर संघ दर डावाआधी घोळका करून बेत ठरवतात आणि चेंडू लांब फेकतात. सरांच्या संघात घोळका नाही. चेंडू घेऊन पळायचं, अडवलं तिथून लगेच पुन्हा पळायचं. कुठून पळायचं ते बाहेरून एकीने ओरडायचं. पोहे म्हणजे डावीकडून, उपमा म्हणजे उजवीकडून. साबुदाणा म्हणजे लांब फेक; ती सरांच्या मते फक्त उपवासाला. चिनी आणि मलय मुलींनाही ही न्याहारी तोंडपाठ आहे.

ओरडण्याचं ते काम मला हवं होतं. प्रत्येक सामन्याचं चित्रण पाहून मी तक्ते करत असे. संघात तेच काम करू शकणारी दुसरी म्हणजे तन्वी, इथल्याच बेडोकमध्ये वाढलेली. ती उशिरा यायची, हातात इथे पिशवीत मिळणारी थंड कॉफी हलवत. तरी सरांचा चेहरा उजळायचा तो तिला बघून.

उपांत्य सामन्यात सरांनी मला उभं केलं. आम्ही मागे होतो. मी ओरडले, "पोहे!" आमची मुलगी जेमतेम पुढे सरकली. आता फेक योग्य की पळणं, याचा मी हिशेब करू लागले. तेवढ्यात समोरच्या मुलींनी दम घेतला.

"मीनल, बाजूला हो. तन्वी, तू घे," सर म्हणाले.

"उपमा!" तन्वी ओरडली. मग पुन्हा उपमा. पुन्हा उपमा.

"अगेन उपमा, आह?" आमची कर्णधार इथल्या ढंगाच्या इंग्रजीत ओरडली.

"अगेन, लाह!"

"अगं, तोच डाव किती वेळा?" मी म्हणाले.

"ताई, तक्ता सोड, त्यांच्याकडे बघ ना! सगळ्यांचे हात कमरेवर. टायर्ड ऑलरेडी."

आम्ही जिंकलो. मुलींनी तन्वीला उचलून घेतलं. मी तळहात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, पण मनातून एकही नाही.

सर मला हॉकर सेंटरमधल्या स्वस्त खाद्यगाळ्यांवर जेवायला घेऊन गेले.

"सर, ती चित्रण उघडूनसुद्धा बघत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"तिला चुकलेलं चालतं. तुला चालत नाही. तू बरोबर उत्तर शोधेपर्यंत समोरचा सावरतो."

"मला तिचा हेवा वाटतो, सर."

"वाटू दे. भात घे अजून."

सरांची माया अशीच. मला ताप आला तेव्हा ते आणि काकू माझ्या खोलीवर मऊ भात घेऊन आले होते. तन्वीच्या तापात भातासोबत मेतकूटही गेलं होतं, हे मला नंतर कळलं. हे मी विसरलेले नाही.

आज आपल्या साठीच्या निमित्ताने सरांनी मोठा संघ तन्वीकडे सोपवला आहे आणि यंदा आलेल्या नवख्या मुली माझ्याकडे. इथल्या मराठी मंडळातले सगळे म्हणतात, हाही मानच आहे. असेल. पण मला मोठा संघ हवा होता, आणि सरांना ते ठाऊक होतं. माझ्या मुलींना अजून पट्टी नीट बांधता येत नाही. मी मात्र रोज सर्वांत आधी मैदानावर असते, आणि तक्ते खोलीवर ठेवून जाते.

सरांनी गुडघे जपावेत, साखर आटोक्यात ठेवावी, काकूंचं ऐकावं आणि पुढची कितीतरी वर्षं मैदानावर येत राहावं. एक दिवस माझ्या मुली तन्वीच्या संघासमोर उभ्या राहतील. त्या दिवशी सर कुणाच्या बाकावर बसतात, ते मला बघायचं आहे.